फेरफाराच्या वहीत पारावरच्या गप्पा

सकाळी सात वाजता नानांचा फोन आला. "मना प्रश्न कोनी बंद कया रे भो?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. नाना मराठीचे निवृत्त शिक्षक. धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत सगळी नोकरी गेली, आणि आमच्या अहिराणी शब्दयादीच्या कामात वयानं ते सगळ्यांत मोठे. आम्ही सात-आठ जण मिळून ही यादी बनवतोय. मोबाइलवर अहिराणी लिहायला घेतली की प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते, ती येऊ नये एवढाच हेतू. काम कोड ठेवायच्या एका साइटवर आहे. तिथे नानांनी एक प्रश्न टाकला होता: 'आहे' या अर्थाचा शब्द 'शे' लिहायचा की 'से'? त्यांच्या घरी शे, काकूंच्या माहेरी से. प्रश्नासोबत दोन पानांचं टिपण, आणि त्यात त्यांच्या आईच्या तोंडच्या दोन ओव्या. खाली तेवीस उत्तरं आली. मग पुण्यात नोकरी करणारा आमचा शिरपूरचा एक पोरगा रात्री बसला, त्यानं यादीत 'शे' आणि 'से' दोन्ही टाकले आणि बटण दाबलं. प्रश्नाच्या डोक्यावर शिक्का उमटला: पूर्ण, बंद.

पोराच्या लेखी काम उरकलं होतं. नानांच्या लेखी भर सभेत कोणीतरी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला होता. दोघांशी अर्धा-अर्धा तास बोललो तेव्हा कळलं की दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आम्ही जिथे बसून बोलत होतो ती जागाच बोलण्यासाठी बांधलेली नव्हती.

सातबारा बदलतो कसा

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही: सातबाऱ्यावर नाव चढवणं. वावर विकलं, वाटणी झाली, वारस लावायचे आहेत, तरी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करता येत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद पडते. तिला नंबर मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त म्हणून नमुना ६-अ मध्ये जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. दहा वर्षांनी कोणी विचारलं, हे नाव आलं कुठून, तर फेरफार नंबर दाखवायचा.

कोडच्या साइटचा कारभार जवळजवळ असाच आहे. मुळाशी 'गिट' नावाचा प्रोग्रॅम असतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारी मंडळी आपलं काम सांभाळायला बिटकीपर नावाचं साधन वापरत होती. त्याची फुकट वापराची मुभा गेली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. फाइलींमधल्या कुठल्या ओळीत कोणी, केव्हा, काय बदल केला याचा पक्का हिशेब गिट ठेवतं. २००८ मध्ये या गिटभोवती गिटहब नावाची साइट उभी राहिली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती साडेसात अब्ज डॉलरना घेतली. गिटलॅब आहे, बर्लिनच्या एका ना-नफा संस्थेची कोडबर्ग आहे, आणखीही आहेत. रचना सगळ्यांची थोड्याफार फरकानं एकच.

एका कामाच्या सगळ्या फाइली जिथे राहतात तो रेपो, म्हणजे आपला सातबारा. कोणाला बदल सुचवायचा असेल तर तो 'पुल रिक्वेस्ट' टाकतो, ही झाली फेरफाराची नोंद. बाकीचे हरकती घेतात. मेंटेनर, म्हणजे ज्याच्याकडे कारभार आहे तो, तपासतो आणि पटलं तर बदल आत घेतो. त्याला म्हणायचं मर्ज. आणि नुसतंच काही सांगायचं असेल, अमुक बिघडलंय, तमुक हवंय, तर 'इश्यू' उघडायचा. कचेरीत साध्या कागदावर अर्ज देतो तसा. त्यालाही नंबर पडतो.

यातली मख्खी अशी की गिटमध्ये स्वतःमध्ये गप्पांना जागा नाही. बदल करताना 'का केला' हे दोन-चार ओळींत लिहिता येतं, बस. बोलण्याची सगळी सोय साइटवाल्यांनी नंतर वरून चढवलेली आहे, आणि चढवताना त्यांच्या डोळ्यांसमोर फेरफार होता. या ओळीत चूक आहे, ती दुरुस्त करा, झाली का, झाली, बंद करा. या कामाला ती सोय इतकी चोख आहे की मी तिच्याशिवाय दिवसभराचं काम करू शकत नाही. पण फेरफाराच्या वहीत 'गावातल्या पोरांनी शेती करावी की नाही' असं कोणी लिहून पाहिलंय का? त्या गप्पा पारावर व्हायच्या.

उघडं किंवा बंद, मधलं काही नाही

इश्यूला दोन अवस्था असतात, उघडा आणि बंद. पानाच्या वरच आकडा दिसतो, इतके उघडे, इतके बंद. मेंटेनर रोज सकाळी तो आकडा बघतो. दोनशे उघडे म्हणजे डोक्यावर दोनशेचं कर्ज. त्यातला कुठला खरा बिघाड आहे आणि कुठली नुसती चांगली चाललेली चर्चा आहे, हे आकड्याला कळत नाही. त्यामुळे दारातून आत आलेल्या प्रत्येक गोष्टीकडे 'ही मिटेल कशी' याच नजरेनं बघायची सवय लागते. शिरपूरच्या पोराला मी दोष देत नाही. त्यानं एक उघडा अर्ज बघितला आणि निकाली काढला. तहसीलदारांनीही त्याचं कौतुकच केलं असतं.

पण 'शे की से' याला निकाल कुठला? तो प्रश्न वर्षभर उघडा राहायला हवा. त्यात साक्रीचं, शहाद्याचं, चाळीसगावचं कोणी येऊन आपल्या आजीचं सांगायला हवं.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे बऱ्याच रेपोंमध्ये एक यंत्र-गडी ठेवलेला असतो. त्याचं काम एकच: ज्या इश्यूवर बराच काळ कोणी बोललं नाही त्याला 'शिळा' अशी चिठ्ठी लावायची, आणि तरीही कोणी बोललं नाही तर तो बंद करून टाकायचा. गिटहबवर यासाठी जे नेहमीचं साधन वापरतात त्यात आधीच भरलेले आकडे आहेत ६० दिवस आणि त्यापुढे ७ दिवस. आता खान्देशातला हिशेब बघा. दिवाळीनंतर कापूस वेचणीनं जोर धरला की आमचे चोपड्याकडचे आप्पा दोन महिने फोनसुद्धा उचलत नाहीत. जानेवारीत कधीतरी निवांत होतात आणि नोव्हेंबरात विचारलेल्या प्रश्नाचं असं उत्तर देतात की बाकीच्यांची बोलती बंद. यंत्र-गड्याच्या हिशेबात तोवर तो प्रश्न मेलेला. आम्ही तो गडी ठेवला नव्हता, नशीब.

तेवीस उत्तरं, एकाखाली एक

नानांच्या प्रश्नाखालची ती तेवीस उत्तरं मी नंतर कागदावर उतरवून बघितली. पहिली आठ शे-से वरच आहेत. नवव्या उत्तरात एकीनं विचारलं, मग 'ळ' चं काय करायचं? आपण 'केळी' लिहायचं की बोलतो तसं 'केयी'? 'डोळा' की 'डोया'? प्रश्न मोलाचा, कदाचित नानांच्या प्रश्नापेक्षा मोठा. दहावं उत्तर तिला. अकरावं आणि बारावं परत नानांना. तेराव्यात कोणीतरी कीबोर्डवर कुठलं अक्षर कुठे असावं हे काढलं. सतराव्यात एक जण ग्रियर्सनला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या भाषा-सर्वेक्षकाला, घेऊन आला: १९०७ साली निघालेल्या त्याच्या सर्वेक्षणाच्या खंडात खान्देशी भिल्ली भाषांच्या सोबत बसवली आहे, मग अहिराणीला मराठीची बोली म्हणायचं की आणखी काही? यावर जे व्हायचं ते झालं. अठरा ते बावीस ही उत्तरं मी इथे देत नाही. तेविसावं शिरपूरच्या पोराचं: 'दोन्ही शब्द टाकले, बंद करतोय.'

पारावर हे असं होत नाही. तिथे दोघं जण सरकून बाजूला बसतात आणि त्यांचं 'ळ' चं वेगळं सुरू होतं. बाकीच्यांचं आपलं चालू राहतं. मधूनच एखादा इकडचा तिकडे जातो. इश्यूमध्ये सरकून बसायला जागाच नाही. सगळी उत्तरं वेळेच्या क्रमानं एकाखाली एक, तिकिटाच्या रांगेसारखी. कोण कोणाला उत्तर देतंय हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. शिवाय चर्चा फार लांबली की गिटहब मधली उत्तरं घडी घालून ठेवतं. वरची काही दिसतात, खालची काही दिसतात, मधली बघायला 'आणखी दाखवा' दाबत बसायचं. भांडणारी माणसं जवळ येतात ती नेमकी त्या मधल्या भागात. नवा आलेला माणूस वरचं वाचतो, शेवटचं वाचतो, आणि मध्ये चौघांनी उत्तर देऊन ठेवलेला मुद्दा पाचव्यांदा मांडतो.

मोठमोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. गूगलमध्ये जन्मलेली 'गो' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. तिच्यात जवळजवळ प्रत्येक पावलानंतर 'चूक झाली का, झाली तर मागे फिर' हे तीन ओळींत लिहावं लागतं. लोक कंटाळले होते. भाषेच्या तीन मूळ रचनाकारांपैकी एक रॉबर्ट ग्रीझमर यांनी जून २०१९ मध्ये 'ट्राय' नावाचा एक तोडगा इश्यू म्हणून मांडला, नंबर ३२४३७. खाली शेकड्यांनी उत्तरं आली. काही विचार करून लिहिलेली, काही तीच ती, काही नुसती चिडलेली, आणि सगळी एकाच रांगेत. पुढच्याच महिन्यात, जुलैत, तोडगा मागे घेतला गेला. तो चांगला होता की वाईट हा वेगळा विषय, माझं स्वतःचं मत विरोधातच होतं. पण तो पूर्ण संवाद वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पुढे जून २०२५ मध्ये गोच्या मंडळींनी जाहीर केलं की चुका हाताळण्यासाठी नवी वाक्यरचना आणायचा नाद आम्ही आता सोडतोय. एका सवालावर इतकी वर्षं माणसं बोलत राहिली. याला अर्ज म्हणायचं आणि नंबर द्यायचा?

अंगठा

पूर्वी एखादा इश्यू पटला की लोक खाली 'प्लस वन' लिहून जात. शंभर जणांनी लिहिलं की शंभर ओळी, आणि लक्ष ठेवून असलेल्या प्रत्येकाला शंभर मेल. जानेवारी २०१६ मध्ये बऱ्याच मेंटेनरांनी मिळून गिटहबला एक जाहीर पत्र लिहिलं, त्यात हे गाऱ्हाणं होतं. मार्चमध्ये अंगठा, हृदय वगैरे चिन्हं आली. मेल थांबले, हे चांगलंच झालं.

फक्त अंगठे मोजता येतात. आणि जे मोजता येतं त्याचं मतदान होतं, मतदान आहे असं कोणी म्हटलं नसलं तरी. नानांच्या टिपणाला दोन उलटे अंगठे मिळाले होते. ते कोणाचे, कशासाठी, टिपणाच्या कुठल्या वाक्याला, काही कळायला मार्ग नाही. नानांनी मला विचारलं, "वर्गात पोरगं अंगठा दाखवायला लागलं तर मी त्याला उभं करून विचारायचो, काय पटलं नाही ते सांग. इथं कोणाला उभं करू?"

याचीच दुसरी बाजू म्हणजे दाखवण्यासाठी बोलणारे. गिटहबवर प्रत्येकाच्या पानावर वर्षभराच्या कामाचे हिरवे चौकोन दिसतात, आणि नोकरी देणारे ते बघतात असा समज आहे. नवा इश्यू उघडला की चौकोन हिरवा होतो. दुसऱ्याच्या इश्यूखाली तासभर खपून नीट उत्तर लिहिलं तर होत नाही. मग माणसं काय करतील? ऑक्टोबर २०२० मध्ये एका स्पर्धेत चार पुल रिक्वेस्टींना टी-शर्ट मिळणार होता. जगभरच्या रेपोंवर 'हे फार छान आहे' छापाचे बदल येऊन आदळले, आणि आयोजकांना स्पर्धा चालू असतानाच नियम बदलावा लागला की ज्या रेपोंनी होकार दिलाय तेवढ्यांतलीच पुल रिक्वेस्ट धरायची. २०२४ मध्ये 'एक्सप्रेस' या गाजलेल्या प्रकल्पात नुसतं स्वतःचं नाव घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टींचा असाच पूर आला होता. त्यांत आपल्या देशातली शिकणारी पोरं बरीच होती. व्हिडिओत दाखवलं तसं त्यांनी केलं. पोरांना हसण्यात अर्थ नाही. मेंटेनरचा दिवस मात्र गेला.

ज्यांना येतं ते तिथे नाहीत

आमच्या कामात सगळ्यांत जास्त बोचलेली गोष्ट ही. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, झोक्यावरची गाणी ज्या बायकांना येतात, त्यांतली एकही त्या साइटवर नाही. माझी मावशी जळगावला पिंप्राळ्यात राहते. तिला चाळीस-पन्नास गाणी सहज येतील. तिच्याकडे मोबाइल आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ती दोन-दोन मिनिटांचे आवाज पाठवते. पण कोडच्या साइटवर खातं उघडायचं, इंग्रजी पाट्या वाचायच्या, पासवर्डनंतर आणखी एक आकडा कुठून तरी आणून टाकायचा, आणि मग एका चौकटीत टाइप करायचं, हे तिनं का करावं? अहिराणी ज्यांना अंगवळणी आहे त्यांना ती साइट येत नाही, आणि साइट ज्यांना येते त्यांची बरीचशी अहिराणी आजीसोबत गेली.

यावर मी जो उपाय केला तो आता मला चुकीचा वाटतो. मावशीचं ऐकून मीच माझ्या नावानं टाइप करत गेलो. गिटची सगळी प्रतिष्ठा 'कोणी, केव्हा, काय' या नोंदीवर. आमच्या वहीत मात्र दीडेकशे शब्दांसमोर माझं नाव लागलंय आणि ते शब्द मावशीचे आहेत. सातबाऱ्यावर बहिणीऐवजी भावाचं नाव लागतं त्यातलाच प्रकार.

साध्या नावापासून वाद कसा सुरू होतो त्याचा एक नमुना. फाइलीला नाव देताना भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत लागतो. आयएसओ ६३९-३ या यादीत अहिराणीला एक तीन अक्षरी संकेत आहे आणि खान्देशीला दुसरा. पोराला फाइलीचं नाव हवं होतं, त्यानं इश्यू उघडला: 'यातला कुठला टाकू?' त्याच्या मते पाच मिनिटांचं काम. पण लेवा बोली बोलणारे यावल-रावेरकडचे म्हणाले, अहिराणी नाव दिलं तर आम्ही बाहेर का? दुसरे म्हणाले, खान्देशी म्हटलं तर अहिराणी हे नाव पुसलं जाईल. ज्यांच्या आयाबाया बहिणाबाईंच्या ओळी लेवा बोलीत म्हणत मोठ्या झाल्या त्यांना हा प्रश्न फाइलीचा वाटेल कसा? इश्यूमध्ये मात्र त्याला एकच लेबल होतं: 'किरकोळ'.

गप्पांची नक्कल निघत नाही

ही बाब बऱ्याच कसलेल्या प्रोग्रॅमरांच्याही ध्यानात नसते. गिटची मोठी सोय म्हणजे रेपोची पूर्ण नक्कल. मी तो माझ्या लॅपटॉपवर उतरवला की फाइली आणि त्यांचा अगदी पहिल्या दिवसापासूनचा इतिहास माझ्याकडे येतो. साइट उद्या बुडाली तरी सातबाराही शाबूत आणि फेरफारही. पण इश्यू आणि त्यांखालची उत्तरं त्या नकलेत नसतात. ती राहतात फक्त साइटवाल्यांच्या कपाटात. मुद्दाम वेगळी काढून घेता येतात, पण किती जण घेतात?

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून गिटहबनं 'यूट्यूब-डीएल' या व्हिडिओ उतरवून घ्यायच्या साधनाचा रेपो साइटवरून काढला. २३ ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबर तो बंद होता. कोडच्या नकला जगभर होत्याच, त्याचं काही अडलं नाही. वर्षानुवर्षांची प्रश्नोत्तरं मात्र तेवढे दिवस कुलपाआड. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी चोरवाट ठेवल्याचं उघड झालं, तेव्हा गिटहबनं रेपोच बंद केला. ज्यांना हे घडलं कसं ते तपासायचं होतं, त्यांच्याही हातून तिथलं बोलणं काही काळ गेलं. आणि आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशानं ३२ साइटी अडवल्या गेल्या, त्यांत गिटहबही होती. काही दिवसांत ती सुरू झाली, पण तेवढे दिवस इथल्या माणसाला स्वतःचंच बोलणं वाचता येईना.

नानांच्या आईच्या ओव्या अशा कपाटात होत्या.

मग दुसरीकडे कुठे

साइटवाल्यांना हे कळत नाही असं नाही. गिटहबनं मे २०२० मध्ये 'डिस्कशन्स' नावाची वेगळी खोली चाचणीसाठी काढली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती चाचणीतून बाहेर काढून पक्की केली. तिथे विषयांचे गट करता येतात, एखाद्या उत्तराखाली उपउत्तर देता येतं, आणि तो आकडा इश्यूंच्या कर्जात धरला जात नाही. आधीपेक्षा पुष्कळ बरं. पण उपउत्तराला आणखी उपउत्तर नाही, आणि खोलीचं दार त्याच कचेरीतून. मावशी आत येणार नाही ती नाहीच.

मोठ्या प्रकल्पांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं एप्रिल २०२२ मध्ये बिघाडांच्या नोंदी गिटहबवर आणल्या, पण 'भाषेत हे असावं का' ही बोलणी डिस्कोर्स या वेगळ्या मंचावर ठेवली. अ‍ॅपलच्या स्विफ्ट या भाषेनं २०१८ मध्ये मेलवरची चर्चा तिथेच नेली. लिनक्सच्या गाभ्याचं काम अजून मेलवरच चालतं, गिटहबवर त्याची नुसती प्रतिमा आहे. मेल बघायला जुनाट, पण प्रत्येकाच्या पेटीत प्रत पडते, त्यामुळे एकाचं कपाट जळालं म्हणून सगळं जात नाही.

तरी जागा बदलली की माणसं बदलतात असं कोणी समजू नये. पायथॉनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये नेतृत्व सोडलं ते एका चिन्हावरून झालेल्या वादाला कंटाळून, आणि तो वाद मेलवर झाला होता, कोडच्या साइटवर नव्हे. आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? तिथे मावशी आहे, आप्पा आहेत, गाणी आहेत. शिवाय रोज चार सुप्रभात, दोन केळीचे भाव आणि एक लग्नपत्रिका. मागच्या आखाजीला कोणी काय म्हटलं ते शोधून दाखवा.

आम्ही सध्या जे करतोय ते पायथॉनकडून उचललंय. पायथॉनमध्ये मोठ्या बदलाचं एक टिपण लिहितात, आणि त्यात 'नाकारलेल्या कल्पना' असा एक भाग ठेवायची रीत आहे. काय ठरलं तेवढंच नाही, काय नाही ठरलं आणि का, तेही लिहायचं. टिपण साध्या फाइलीत असतं आणि रेपोतच राहतं, म्हणजे नकलेसोबत घरोघर जातं.

तेव्हा बोलायचं ते बोलूनच. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी फोनवर, आणि डिसेंबरात एकदा यावलजवळच्या एका मळ्यात भरताच्या निमित्तानं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला ठेवली की पाऊण तास कोणालाच दुसरं काम नसतं. 'ळ' चा प्रश्न त्या पाऊण तासात जितका पुढे गेला तितका साइटवर वर्षभरात गेला नव्हता. मावशी होती, तिनं एकाच गाण्यात 'ळ' आणि 'य' दोन्ही म्हणून दाखवले आणि आमचे सगळे नियम मोडीत काढले. एक जण वहीत टिपत होता. कोण काय म्हणालं ते ज्याच्या त्याच्या नावासकट दुसऱ्या दिवशी फाइलीत चढलं. पुल रिक्वेस्टनं चढलं, कारण फेरफारासाठी ती वही उत्तम आहे.

'शे-से' ची फाइल सगळ्यांत जुनी. यादीत दोन्ही शब्द आहेत, ते पोरानं केलं ते बरोबरच होतं. खरा अडलेला प्रश्न वेगळाच निघाला: कीबोर्डनं आधी कुठला सुचवायचा? तूर्त 'शे', कारण आतापर्यंत जमलेल्या मजकुरात तो जास्त वेळा आलाय. नंदुरबारकडचा मजकूर अजून हातात नाही, तो आला की परत मोजायचं, असंही लिहून ठेवलंय. खाली नानांची हरकत आहे. 'शे' त्यांच्याच घरचा, तरी हरकत त्यांचीच: मोजून भाषा ठरते का? ती त्यांच्याच शब्दांत, ओव्यांच्या लगेच खाली ठेवली आहे.